मेडिकलच्या मुलांचा ताण मोजायचा कसा? कोविडकाळात मोबाईलवर फिरलेल्या दहा प्रश्नांविषयी सविस्तर

भारतात कोविडचा पहिला रुग्ण नोंदवला गेला तो ३० जानेवारी २०२० रोजी, केरळमधल्या त्रिशूर जिल्ह्यात. चीनमधल्या वुहानहून घरी परतलेली ती वैद्यकीय शाखेची विद्यार्थिनी होती. पुढची दोन वर्षं डॉक्टर, नर्स, आशा कार्यकर्त्या यांच्यावरच्या ओझ्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं, आणि ते योग्यच होतं. पण अजून डॉक्टर न झालेली आणि धड विद्यार्थीही न राहिलेली जी पोरं मधल्या मध्ये अडकली होती, त्यांची विचारपूस बहुतेक वेळा एकाच वाटेनं झाली. व्हॉट्सॲप ग्रुपवर गुगल फॉर्मची लिंक यायची आणि त्यात दहा प्रश्न असायचे.

बेळगाव असो, बांबोळी असो, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा किंवा हैदराबाद, ज्यांच्या घरात त्या काळात एमबीबीएसला कुणी होतं त्यांनी असा फॉर्म भरताना पोराला पाहिलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. 'गेल्या महिन्याभरात तुम्हाला किती वेळा असं वाटलं...' अशा धर्तीवर प्रश्न सुरू होतात आणि खाली 'कधीच नाही' पासून 'खूप वेळा' पर्यंत पाच पर्याय असतात. काही महिन्यांनी बातमी येते की अमुक कॉलेजमधल्या इतक्या टक्के विद्यार्थ्यांना मध्यम ताण, इतक्या टक्क्यांना तीव्र ताण. हा आकडा येतो कुठून, तो किती भरवशाचा आणि त्यावरून आईबापानं घाबरावं की नाही, हे समजून घ्यायचं तर आधी ती पट्टी पाहायला हवी. तिचं नाव 'पर्सिव्हड स्ट्रेस स्केल', थोडक्यात पीएसएस. मराठीत म्हणायचं तर 'जाणवणाऱ्या ताणाची मोजपट्टी'.

'जाणवणारा' हा शब्द महत्त्वाचा

ताण मोजायचा प्रयत्न जुना आहे. १९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकन डॉक्टरांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येक घटनेला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०. वर्षभरात ज्याच्या वाट्याला जास्त गुण, त्याला ताण जास्त, असा सरळ हिशेब. (लग्नाला ५० गुण हे वाचून आपल्याकडचे वधुपिते हसतील, पण यादीत लग्न हे मुलामुलीचं धरलेलं आहे, बापाचं नाही.)

या हिशेबातली गोची लवकरच लोकांच्या लक्षात आली. एकच घटना दोन माणसांना सारखी लागत नाही. परीक्षा पुढं ढकलली गेली की एक पोरगा 'बरं झालं, अभ्यासाला वेळ मिळाला' म्हणतो, तर दुसऱ्याची झोप उडते, कारण घरचं कर्ज त्याच्या नोकरीवर थांबलेलं असतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस यांनी हाच मुद्दा लावून धरला. त्यांचं म्हणणं असं की, घटनेपेक्षा माणूस त्या घटनेकडे कसं बघतो आणि ती निभावण्याची आपली ताकद किती आहे असं त्याला वाटतं, यावर ताण ठरतो.

शेल्डन कोहेन, टॉम कामार्क आणि रॉबिन मर्मेलस्टीन या तिघांनी हा विचार पट्टीत उतरवला. त्यांचा लेख १९८३ साली प्रसिद्ध झाला. पट्टी आधी तीन गटांवर तपासली होती. त्यातले दोन गट कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे होते, ३३२ आणि ११४ जणांचे, आणि तिसरा गट सिगारेट सोडण्यासाठी आलेल्या लोकांचा. म्हणजे विद्यार्थ्यांशी या पट्टीचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे. सुरुवातीला १४ प्रश्न होते. १९८८ साली कोहेन आणि गेल विल्यमसन यांनी त्यातले नीट न बसणारे चार काढून दहाची आवृत्ती दिली. फोनवर झटपट विचारायला चार प्रश्नांची आवृत्तीही आहे. आज पीएसएस म्हटलं की साधारणपणे दहा प्रश्नांचीच समजतात. नंतरच्या तपासण्यांतही चौदापेक्षा दहाची आवृत्ती सरस ठरली.

दहा प्रश्नांत विचारतात काय?

प्रश्नांचा मथळा कायम गेल्या एका महिन्याचा असतो. सहा प्रश्न उलट्या बाजूनं चालतात: अचानक काही घडल्यानं मन बिघडलं का, महत्त्वाच्या गोष्टी आपल्या हाताबाहेर गेल्यासारखं वाटलं का, जीव धास्तावल्यासारखा झाला का, कामं आवरेनाशी झाली का, ताब्यात नसलेल्या गोष्टींमुळं संताप झाला का, अडचणींचा डोंगर साचतोय असं वाटलं का. उरलेले चार प्रश्न चांगल्या बाजूचे: आपल्या अडचणी आपण निभावू असा भरवसा वाटला का, गोष्टी मनासारख्या चालल्यात असं वाटलं का, चिडचिड आवरता आली का, सगळं आपल्या आवाक्यात आहे असं वाटलं का.

प्रत्येकाला ० ते ४ गुण. पण चांगल्या बाजूच्या चार प्रश्नांचे गुण उलटे करून घ्यायचे असतात; ४ चे ०, ३ चा १ असं. मग बेरीज. एकूण ० ते ४० च्या दरम्यान.

हे उलटं करणं विसरलं की काय होतं ते बघण्यासारखं आहे. समजा एक मुलगी बऱ्यापैकी मजेत आहे. सहा वाईट प्रश्नांना तिनं प्रत्येकी १ दिला, चार चांगल्या प्रश्नांना प्रत्येकी ३. बरोबर हिशेब केला तर सहा अधिक चार, म्हणजे १०. उलटं करायचं राहिलं तर सहा अधिक बारा, म्हणजे १८. मुलगी तीच, उत्तरं तीच, पण अहवालात ती 'कमी ताण' मधून थेट 'मध्यम ताण' मध्ये जाऊन बसते. एक्सेलमध्ये घाईनं केलेल्या हिशेबात ही चूक सहज होते, आणि छापून आलेल्या टक्क्यांवरून ती कुणाला कळतही नाही.

ही पट्टी खरोखर काही मोजते की नुसती कागदी कसरत आहे, अशी शंका येणं रास्त आहे. तिला एक चांगलं उत्तर कोहेन यांच्याच दुसऱ्या कामात मिळतं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंग्लंडमध्ये ३९४ धडधाकट स्वयंसेवकांचा ताण आधी मोजला आणि मग त्यांच्या नाकात सर्दीचे विषाणू असलेले थेंब टाकले. ज्यांचा ताण सगळ्यात कमी होता त्यांच्यापैकी सुमारे २७ टक्क्यांना सर्दी झाली, सगळ्यात जास्त ताण असलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना. त्यात एकट्या पीएसएसचा नाही, तर आयुष्यातल्या घटना आणि उदास मन यांचाही हिशेब एकत्र धरला होता. तरी 'हे सगळं मनाचे खेळ' असं म्हणणाऱ्यांना तो पुरेसा आहे.

२६ आणि २७ मधला फरक

आता सगळ्यात जास्त गैरसमजाची जागा. जवळपास प्रत्येक बातमीत तीन कप्पे दिसतात: ० ते १३ कमी ताण, १४ ते २६ मध्यम, २७ ते ४० जास्त. वाचणाऱ्याला वाटतं की रक्तातल्या साखरेसारख्या या ठरलेल्या सीमारेषा आहेत. तसं नाही. पट्टी करणाऱ्यांनी असे कप्पे दिलेले नाहीत. ही पट्टी रोगाचं निदान करण्यासाठी नाही, एका गटाची दुसऱ्या गटाशी किंवा त्याच गटाची आधी आणि नंतर अशी तुलना करण्यासाठी आहे, ही त्यांची भूमिका राहिली आहे. कप्पे नंतर वापरणाऱ्यांनी पाडले, सोयीचे म्हणून पसरले आणि आता जणू मूळचेच असल्यासारखे छापले जातात.

उदाहरण घ्या. एका इंटर्ननं वाईट बाजूच्या सहा प्रश्नांना ३, २, ४, ३, २, ३ असे गुण दिले, बेरीज १७. चांगल्या बाजूच्या चारांना १, २, ३, १ दिले, ते उलटे करून ३, २, १, ३, म्हणजे ९. एकूण २६, कप्पा 'मध्यम'. त्याच दिवशी सकाळी मेसवाल्याशी वाजलं असतं आणि संतापाच्या प्रश्नाला त्यानं २ ऐवजी ३ दिला असता, तर २७, कप्पा 'जास्त'. माणूस काही बदललेला नाही.

टक्क्यांपेक्षा सरासरी जास्त खरं बोलते. १९८३ च्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत २,३८७ लोकांची दहा प्रश्नांवरची सरासरी सुमारे १३ आली होती. पुरुषांची १२.१, बायकांची १३.७. एखाद्या वर्गाची सरासरी २० आली तर काहीतरी घडतंय हे नक्की. मात्र ही तुलनाही जपून करावी लागते. चाळीस वर्षांपूर्वीचा अमेरिकन माणूस आणि आजचा निपाणीचा विद्यार्थी यांना एकाच तराजूत घालताना थोडं थांबायला हवं. खरी तुलना त्याच कॉलेजच्या महासाथीपूर्वीच्या आकड्यांशी व्हायला हवी होती, आणि ते आकडे बहुतेक ठिकाणी कुणी घेऊनच ठेवले नव्हते.

आधीच काय कमी होतं?

मेडिकलच्या मुलांवरचा ताण कोविडनं आणला असं समजणं चूक ठरेल. २०१६ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ४३ देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात २७.२ टक्के वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं आढळली होती आणि ११.१ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. ज्यांच्यात नैराश्याची लक्षणं दिसली त्यांच्यापैकी उपचारासाठी गेलेले फक्त १५.७ टक्के. उद्याचे डॉक्टर स्वतःच्या बाबतीत डॉक्टरकडे जात नाहीत, ही गोष्ट त्या आकड्यात स्पष्ट दिसते. हे सगळं कोविडच्या चार वर्षं आधीचं.

मग महासाथ आली आणि वर्षावर्षाप्रमाणं ओझं वेगळं पडलं. हा तपशील सर्वेक्षणाच्या एका सरासरीत बुडून जातो, म्हणून तो जरा थांबून पाहायला हवा.

२०१९ ला प्रवेश घेतलेली तुकडी ही नव्या, क्षमताधारित अभ्यासक्रमाची देशातली पहिली तुकडी. कॉलेजं नवीन पद्धतीला सरावतात न सरावतात तोच २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. शरीररचनाशास्त्र शिकायचं ते शवविच्छेदनाच्या टेबलापाशी. ही मुलं ते गावाकडच्या घरात, माळ्यावर नाहीतर शेताच्या बांधावर रेंज शोधत मोबाईलवर शिकली. केंद्रानं राज्यांना १ डिसेंबर २०२० पर्यंत मेडिकल कॉलेजं उघडायला सांगितलं, आणि जेमतेम चार महिन्यांत दुसरी लाट आली.

बाहेर थांबलेल्यांचं वेगळंच. प्रवेशाची 'नीट' ३ मे २०२० ला ठरलेली होती, ती २६ जुलैला गेली, मग १३ सप्टेंबरला झाली. दोनदा ताणलेला धनुष्य तिसऱ्यांदा ताणायचा, असा तो प्रकार.

सगळ्यात जास्त हाल झाले ते इंटर्न आणि पदव्युत्तर प्रवेशाची वाट बघणाऱ्यांचे. 'नीट पीजी' १८ एप्रिल २०२१ ला होती. अवघे तीन दिवस आधी, १५ एप्रिलला ती पुढं ढकलली. ३ मे रोजी ती किमान चार महिने पुढं गेल्याचं जाहीर झालं आणि त्याच निर्णयात इंटर्नना कोविड ड्युटीवर घेण्याची, तर शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना फोनवरून सल्ला देण्यासाठी आणि सौम्य रुग्णांवर देखरेखीसाठी वापरण्याची मुभा दिली गेली. शंभर दिवस ड्युटी करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य, असंही सांगितलं गेलं. परीक्षा झाली ११ सप्टेंबरला. पण आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात असल्यानं समुपदेशन फेऱ्या अडल्या, निवासी डॉक्टर संपावर उतरले, आणि अखेर जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर प्रवेश सुरू झाले. वॉर्डात वर्षभर नवीन हात आले नाहीत, म्हणजे जे होते त्यांच्यावरच सगळा भार. त्याच मे २०२१ मध्ये गोव्यात ऑक्सिजनच्या तुटवड्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढं गेला होता. अशा दिवसांत वॉर्डात उभ्या असलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला 'गेल्या महिन्याभरात महत्त्वाच्या गोष्टी हाताबाहेर गेल्यासारखं किती वेळा वाटलं' असं विचारलं, तर तो काय उत्तर देणार?

सीमाभागाची अडचण आणखी निराळी. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गातून बेळगावला शिकायला येणारी, किंवा बेळगाव, निपाणी, खानापूरकडून महाराष्ट्रात शिकायला गेलेली मुलं. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्यांना आरटीपीसीआरचा निगेटिव्ह अहवाल लागू झाला आणि निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर गाड्या अडू लागल्या. घर तासाभराच्या अंतरावर, पण मध्ये राज्याची हद्द. आजारी आईला बघून परत हॉस्टेलला यायचं तर आधी नाकात काडी घालून घ्या आणि अहवालाची वाट बघा. असल्या प्रश्नाला कुठल्याही सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

आणि चीनमध्ये शिकणारे सुमारे २३ हजार भारतीय विद्यार्थी तर २०२० च्या सुरुवातीला घरी आले ते तिथंच अडकले. चीननं विद्यार्थ्यांचे व्हिसा पुन्हा सुरू केले ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये. तोवर मेडिकलचं शिक्षण लॅपटॉपवर, आणि नुसत्या ऑनलाइन शिक्षणावर मिळालेली पदवी इथं चालणार का, हा घोर जिवाला कायम.

चीनमधूनच आलेला एक अभ्यास जगभर गाजला. चांगझी मेडिकल कॉलेजच्या ७,१४३ विद्यार्थ्यांची पाहणी २०२० च्या सुरुवातीलाच झाली. त्यात पीएसएस नव्हे, तर चिंता मोजणारी सात प्रश्नांची जीएडी-७ ही पट्टी वापरली होती. ०.९ टक्के विद्यार्थ्यांना तीव्र चिंता, २.७ टक्क्यांना मध्यम, २१.३ टक्क्यांना सौम्य. या टक्क्यांहून त्यातलं दुसरं निरीक्षण जास्त कामाचं आहे: शहरात राहणं, घरचं उत्पन्न स्थिर असणं आणि आईवडिलांसोबत राहणं, या तीन गोष्टींनी चिंता कमी दिसली, ओळखीतलं कुणी बाधित असेल तर ती वाढलेली दिसली. म्हणजे ताणाची मुळं पोराच्या स्वभावात जितकी, तितकीच घरच्या चुलीपाशी.

फॉर्म कुणी भरला आणि कुणी नाही

कोविडकाळात पीएसएसचा एवढा सुळसुळाट का झाला याचं एक साधं कारण आहे. प्रयोगशाळा बंद, ओपीडी बंद, रुग्ण कोविडशिवाय दुसरे नाहीत. प्रबंध तर द्यायचाच. पीएसएस छोटी, पाच मिनिटांत होणारी, शैक्षणिक कामासाठी फुकट वापरता येणारी. त्यामुळं प्राध्यापकांनी, पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी, अगदी आयसीएमआरच्या अल्पकालीन संशोधन शिष्यवृत्तीसाठी धडपडणाऱ्या एमबीबीएसच्या मुलांनीही ती हाताशी धरली. यात वावगं काही नाही. पण असे आकडे वाचताना तीन-चार गोष्टी विचाराव्याच लागतात.

लिंक हजार जणांना गेली आणि अडीचशे जणांनी भरली, तर ते अडीचशे कोण? ज्याला खरंच सोसवेनासं झालंय तो कदाचित फोन बंद करून पडलेला असतो. किंवा उलट, ज्याला बोलायचं होतं पण कुणी विचारलं नव्हतं, तोच आधी भरतो. दोन्ही शक्यता खऱ्या, आणि दोन्हींनी आकडा वेगवेगळ्या दिशेला झुकतो.

फॉर्म कधी आला हेही बघावं लागतं. १९८३ च्या मूळ लेखातच दाखवलं आहे की, दोन दिवसांनी पुन्हा विचारलं तर उत्तरं बऱ्यापैकी जुळतात (सहसंबंध ०.८५), पण सहा आठवड्यांनी तो ०.५५ वर येतो. हा पट्टीचा दोष नाही. ताणच हलता असतो. म्हणून परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घेतलेलं माप आणि निकालानंतरचं माप एकत्र ठेवून 'कोविडमुळे ताण वाढला' म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२० आणि मे २०२१ हे तर दोन वेगळे काळच होते.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. फॉर्म पाठवणारा आपलाच सर किंवा मॅडम, तोंडी परीक्षेत समोर बसणारा. नाव विचारलेलं नसलं तरी ईमेल नोंदला जातो का, ही धास्ती मुलाला असते. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये विद्यार्थी हा वरिष्ठांच्या दबावाखाली असू शकणारा गट मानला आहे, तो याचसाठी. मॅडमना वाईट वाटू नये म्हणून सगळीकडे 'कधी कधी' वर टिक करून मोकळं होणारी मुलं कमी नसतात. आणि सगळीकडे 'कधी कधी' म्हणजे २ टिकवला की बेरीज होते बरोबर २०, कप्पा 'मध्यम ताण'. मध्यम ताणाचे टक्के नेहमी एवढे फुगलेले का असतात, याचं थोडं उत्तर इथं आहे.

मुलींचा आकडा मुलांपेक्षा जास्त येतो, हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. मुली जास्त सोसतात, की जास्त मोकळेपणानं सांगतात, की टाळेबंदीत घरी गेल्यावर ऑनलाइन तासाच्या जोडीला भाकरी-भांडीही त्यांच्याच वाट्याला येतात? पट्टी यातलं काहीच वेगळं करून सांगत नाही.

'ताण', 'टेन्शन' की 'डोक्याला ताप'?

मेडिकलला शिकवणं इंग्रजीतून असतं म्हणून पीएसएसही इंग्रजीतूनच दिली जाते. पण मन काही इंग्रजीतून खचत नाही. बेळगावच्या एकाच वर्गात घरी मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू, हिंदी बोलणारी मुलं असतात. मराठीपुरतं बोलायचं तर 'ताण' हा शब्द पुस्तकी, रोजच्या बोलण्यात 'टेन्शन'. पण टेन्शन बस चुकली तरी येतं आणि बाप व्हेंटिलेटरवर असला तरी येतं. 'जिवाला घोर', 'डोक्याला ताप', 'काळजात धस्स होणं' या प्रत्येकाची धार वेगळी. इंग्रजी प्रश्नातला एक शब्द यांपैकी कशात उतरवायचा यावर गुण हलतात.

चांगल्या बाजूच्या चार प्रश्नांचा घोळ आणखी मोठा. 'आपण निभावू असा भरवसा वाटला का' याला 'कधीच नाही' असं उत्तर देताना मराठीत वाक्य मनातल्या मनात उलटंसुलटं करावं लागतं, आणि घाईत पोरं नेमकी दुसऱ्या टोकाला टिक करतात. म्हणून नुसता शब्दकोश घेऊन केलेलं भाषांतर चालत नाही. एकानं मराठीत करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते परत इंग्रजीत न्यायचं, दोन्ही ताडून बघायचं, मग पंधरा-वीस जणांना देऊन 'हा प्रश्न तुला काय समजला?' असं विचारायचं, ही रीत आहे. पुण्याच्या माणसानं केलेलं मराठी खानापूरच्या पोराला तसंच कळेल असंही धरून चालू नये.

आकडा हातात आल्यावर

पीएसएसचा जास्त आकडा म्हणजे पोरगं कमकुवत, असा अर्थ लावणारे पालक आणि काही प्राध्यापकही भेटतात. महासाथीत तर हा अर्थ साफ उलटा ठरतो. परीक्षा कधी, ठाऊक नाही. घरी जाता येईल का, ठाऊक नाही. पीपीई किट पुरतील का, ठाऊक नाही. अशा वेळी 'गोष्टी माझ्या हातात नाहीत' म्हणणारा विद्यार्थी परिस्थितीचं बरोबर वर्णन करत असतो. त्याला श्वासाचे व्यायाम शिकवून त्या प्रश्नाचे गुण फारसे कमी होणार नाहीत. परीक्षेची तारीख नक्की केली तर होतील. संशोधकांनीही या दहा प्रश्नांत दोन धागे वेगळे दाखवले आहेत, एक हतबलतेचा आणि दुसरा स्वतःवरच्या भरवशाचा. कॉलेजनं बेरीज बघण्यापेक्षा हे दोन धागे वेगळे काढून बघितले तर कळतं की पोरांचा स्वतःवरचा विश्वास ढळलाय, की विश्वास शाबूत आहे पण व्यवस्थेनं हात बांधलेत. दोन्हींवरचे इलाज वेगळे.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. पीएसएसमध्ये आत्महत्येच्या विचारांबद्दल एकही प्रश्न नाही. नैराश्यासाठीच्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या पट्टीत शेवटचा प्रश्न त्याबद्दल आहे. त्यामुळं पीएसएसवर १५ आले म्हणून सगळं ठीक, असं म्हणता येत नाही. आणि ३० आले म्हणून लगेच आजार, असंही नाही. झोप उडणं, जेवण तुटणं, मित्रांचे फोन न उचलणं, तास आणि ड्युटी सलग चुकवणं, 'माझ्यावाचून काही अडणार नाही' अशी भाषा, यांतलं काही दोन आठवडे टिकलं तर पट्टी बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं.

महासाथ ओसरली, पण आकडे खाली आले असं दिसत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात २५,५९० एमबीबीएस आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांची ऑनलाइन पाहणी आहे. एमबीबीएसच्या २७.८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं, १६.२ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार आल्याचं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांत हे विचार आल्याचं सांगणारे ३१.२ टक्के. ही पाहणीही ज्यांनी भरली त्यांचीच, म्हणजे वरच्या सगळ्या शंका तिलाही लागू. पण दहा जणांतले तीन, हा आकडा शंका वजा करूनही मोठाच राहतो. निवासी डॉक्टरांची ड्युटी आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नसावी आणि आठवड्याला एक सुटी मिळावी, अशी शिफारस त्याच अहवालात आहे. ती ज्या विभागात पाळली गेली आणि ज्या विभागात नाही, अशा दोन्हीकडे सहा-सहा महिन्यांच्या अंतरानं हेच दहा प्रश्न विचारले तर पीएसएसचा खरा उपयोग होईल. पट्टी मुळात केली गेली ती अशाच तुलनेसाठी.

केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. भाषा निवडता येते, मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत, आणि कॉलेजला काही कळवलं जात नाही.